शटडाऊननंतर वीज परत घेताना

कोकण किनाऱ्यावरच्या बर्फाच्या कारखान्यांत वीज बंद ठेवून, म्हणजे शटडाऊन घेऊन करायची देखभालीची मोठी कामे जून-जुलैच्या मासेमारी बंदीत काढणे सोयीचे पडते. बंदी उठायच्या सुमारास मिरकरवाड्यासारख्या बंदरात नौकांची जुळवाजुळव सुरू होते, बर्फाला मागणी येते आणि सगळ्यांनाच वीज ताबडतोब हवी असते. वीज बंद करताना आपण जितके सावध असतो तितके ती परत घेताना राहत नाही, असे माझे मत आहे. कारण काम संपल्याची भावना तोवर मनात शिरलेली असते.

सर्वांत घातक ठरते ते कामापुरते लावलेले अर्थिंग, म्हणजे बंद लाईन जमिनीशी जोडून ठेवणाऱ्या तारा, काढायचे राहून जाणे. तशा अवस्थेत ११ केव्हीचा (११ हजार व्होल्टचा) ब्रेकर, म्हणजे मुख्य स्विच, लावला, तर तो थेट शॉर्टसर्किटवरच लागतो आणि पॅनेलसमोरच्या माणसाला मागे सरायलाही वेळ मिळत नाही. म्हणून अर्थिंगचे किती संच कुठे लावले हे परमिटवर (कामाच्या लेखी परवानगीवर) लिहिलेले असावे आणि काढल्यावर तितकेच संच परत आलेले स्वतः मोजून पाहावेत. ‘काढलंय हो सगळं’ या तोंडी उत्तरावर मी विसंबत नाही. अर्थिंग निघाल्या क्षणापासून लाईन चालू आहे असेच धरून वागायचे, हेही सर्वांना आधी सांगितलेले हवे. काम चालू असताना कोणी वीज सोडू नये म्हणून स्विचला घातलेले कुलूप ज्याने लावले त्यानेच काढायचे. तो घरी गेला असेल, तर तो खरोखरच आवारात नाही याची खात्री करून, त्याच्याशी बोलून आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या परवानगीनेच ते काढायचे.

आपल्याकडची खरी अडचण मात्र हवेची आहे. पावसाळ्यात बंद राहिलेल्या मोटरीच्या वाइंडिंगमध्ये (तारेच्या वेटोळ्यांत) ओल शिरते, टर्मिनलवर क्षार धरतात, आणि ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमधली (आत जाणाऱ्या हवेतली ओल शोषणाऱ्या डबीतली) निळी सिलिका जेल गुलाबी झालेली दिसते. ४१५ व्होल्टच्या मोटरीला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण) लावून एक मेगओहम आले की पुरे, असे मानणारे बरेच आहेत. मला तो आकडा फार काठावरचा वाटतो. मोठ्या मोटरीचे एका मिनिटाचे आणि दहा मिनिटांचे रीडिंग घ्यावे. दुसरे पहिल्याच्या दुपटीच्या आसपासही जात नसेल, तर ओलीचा किंवा मळाचा संशय धरून वाइंडिंग साफ करून सुकवावे आणि मगच पुन्हा मोजावे. मेगर लावण्यापूर्वी मोटरीचा वेग किंवा सुरुवात सांभाळणारा ड्राइव्ह किंवा सॉफ्ट स्टार्टर सोडवून ठेवावा, नाहीतर त्यातले इलेक्ट्रॉनिक्स जाते. मोजून झाल्यावर वाइंडिंग डिस्चार्ज करावे, म्हणजे त्यात साठलेला विद्युतभार काढून टाकावा.

प्रत्यक्ष चार्ज करताना, म्हणजे वीज सोडताना, एलटी (कमी दाबाच्या) बाजूचे सगळे आउटगोइंग (पुढे वीज नेणारे) ब्रेकर उघडे म्हणजे बंद, यंत्रे आपोआप सुरू होऊ नयेत म्हणून सिलेक्टर स्विच ऑटोवरून काढलेले आणि जनरेटरचा इंटरलॉक (जनरेटर व बाहेरची वीज एकाच वेळी लागू न देणारी व्यवस्था) तपासलेला असावा. ट्रान्सफॉर्मर आधी विनाभार घ्यावा. त्या क्षणी प्रवाह पूर्ण भाराच्या कित्येक पट उसळतो, त्यामुळे क्षणभराच्या मोठ्या आवाजाने दचकायचे कारण नाही, मात्र तो आवाज लगेच स्थिरावला पाहिजे. नंतर तिन्ही फेजचे व्होल्टेज पाहावे. केबल सोडवली असेल तर फेज सीक्वेन्सही (फेजचा क्रम) तपासावा, कारण दोन फेज उलटसुलट जोडले गेले की पंप उलटा फिरतो. अमोनिया कॉम्प्रेसरची मोटर कपलिंग (मोटर आणि कॉम्प्रेसर जोडणारा सांधा) सोडवून आधी नुसती फिरवून बघावी. मग एकेक फीडर (विजेची शाखा) घ्यावा. भार आल्यानंतर तासाभराने इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन नव्याने आवळलेले प्रत्येक टर्मिनल तपासावे, आणि शेजारच्या फेजपेक्षा एखादे जास्त तापलेले आढळले, तर तो फीडर पुन्हा रीतसर शटडाऊन घेऊनच उघडावा.