निबेचा उतार

दुरुस्तीला आलेलं पेन उघडण्याआधी मी निबेचे चार फोटो काढतो. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. सोन्याची निब म्हटली की ‘आमची बदलून दुसरी घातली’ हा आरोप कधी ना कधी येतोच. त्या दिवशी तो आला आणि फोटोंनी मला वाचवलं. म्हणजे चोरीच्या आळातून वाचवलं.

काकू पंचाहत्तरीच्या पुढच्या. कापडी पिशवीत रुमाल, रुमालात मोंब्लां १४९. ‘आमचे हे बोटीवर इंजिनिअर होते. हॅम्बुर्गला बोट लागली होती तेव्हा घेतलं, चौऱ्याहत्तर साली. आता शाई ओढत नाही.’ तक्रार एवढीच. हे मुद्दाम सांगतोय.

ज्यांना हे पेन माहीत नाही त्यांच्यासाठी: १४९ हे १९५२ पासून बनतंय, हॅम्बुर्गच्याच कंपनीचं. आकड्यातला १ म्हणजे त्यांची सर्वांत वरची मायस्टरश्टुक श्रेणी, ४ म्हणजे पिस्टनने शाई भरणारं, ९ म्हणजे निबेचं माप. निबेवर ४८१० कोरलेलं असतं, ती मोंब्लां शिखराची मीटरमधली उंची. (जपानच्या प्लॅटिनम या पेनकंपनीने फुजीच्या उंचीवरून आपल्या पेनाला ३७७६ नाव दिलं. पेनवाल्यांना डोंगरांचं काय वेड आहे कोण जाणे.)

पिस्टन दगडासारखा बसला होता. अशा वेळी मागची फिरकी जोर लावून फिरवली की आतले आटे जातात आणि पेन संपतं. रात्रभर पाण्यात ठेवलं. सकाळी वाटी निळीशार. पाना लावून पिस्टन बाहेर काढला, पुसला, सिलिकॉन ग्रीसचा बारीक हात फिरवला आणि पुन्हा बसवला. लोण्यासारखा सरकायला लागला. निबेला शाई पुरवणारी खालची जीभ एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, जुन्या पेनांत असते तशी, तिच्या खाचांतून वाळलेली शाई काढली. काम तिथेच संपलं होतं.

पण शाई भरली आणि मी लिहून बघितलं. खरखर. वहीत टाचणी ओढल्यासारखी. भिंगाखाली धरलं तर टोकाची एक बाजू झिजून सपाट झालेली, डावीकडे उतरती. निब सोन्याची असली तरी टोकाला बारीक गोळी असते ऑस्मियम, रुथेनियम अशा कठीण धातूंच्या मिश्रणाची, कारण सोनं कागदावर टिकणार नाही. ती गोळी इतकी झिजायची तर एका हाताने वर्षानुवर्षं, रोज, एकाच कोनात लिहायला हवं. त्या कोनात धरलं की पेन पाण्यासारखं चालत असणार. मी माझ्या पद्धतीने सरळ धरलं होतं, म्हणून उताराची कड कागदाला लागत होती.

हे सगळं मला तेव्हा कळत होतं. तरी मी घासपट्टी काढली. मी पेनांची परीक्षणं लिहितो, आणि गुळगुळीतपणाला दहापैकी गुण देण्याची मला खोड आहे. सेलर या जपानी कंपनीची निब कागदावर पेन्सिलसारखी किंचित जाणवते, तर तिचेसुद्धा मी नेहमी गुण कापलेत. अतिशय बारीक पट्टीवर आठचे आकडे काढत काढत मी ती कड घालवली, मग उतारही घालवला, टोक गोल केलं. वीस मिनिटं. त्याचे पैसेही लावले नाहीत. काकूंना भेट, असं मनात होतं.

काकू आल्या. खुर्चीवर नीट टेकून बसल्या, कागदावर ‘श्री’ काढला, खाली सही केली. पुन्हा केली. तिसऱ्यांदा पेन किंचित डावीकडे वळवून केली. मग टोपण न लावताच पेन टेबलावर ठेवलं.

‘हे माझं पेन नाही.’

‘काकू, तेच आहे.’

‘वरचं तेच असेल. निब बदललीत तुम्ही.’

आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी फोटो काढून दाखवले. निबेवरची नक्षी, खांद्यावरचा एक बारीक ओरखडा, सगळं जुळत होतं. त्या चष्मा वर सरकवून बघत राहिल्या आणि शेवटच्या फोटोवर थांबल्या. ‘हे इथे काय आहे, तिरकं?’

मला सांगावं लागलं.

‘म्हणजे हे होतं, आणि तुम्ही काढलंत.’

‘हो.’

‘मी सांगितलं होतं?’

‘नाही.’

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘हे गेल्यावर मी जमाखर्चाला हेच पेन घेतलं. सुरुवातीला मलाही खरखरायचं. मग थोडं डावीकडे वळवून धरलं की चालायचं. हे तसंच धरायचे, माझ्या लक्षात आलं. अकरा वर्षं मी तसंच धरते.’ त्यांनी बोटांनी हवेतच ती पकड करून दाखवली. ‘आता कसंही धरा, लिहितंय.’

मी म्हटलं, फोटो बघून तसाच उतार पुन्हा घासून देतो, जमतं मला. खरंच जमतं.

‘नको,’ त्या म्हणाल्या. ‘तो तुमचा होईल.’

पिस्टनचे पैसे त्यांनी मोजून दिले, मी नको म्हणत असताना. पावतीवर सही करायला माझ्या टेबलावरचं बॉलपेन घेतलं. पेन रुमालात गुंडाळलं, आणि दारातून वळून विचारलं की तो तिरका दिसणारा फोटो कागदावर काढून मिळेल का, त्यांच्या फोनमध्ये तसलं काही उघडत नाही.

दुसऱ्या दिवशी मोठा करून घेतला आणि घरी नेऊन दिला. दार त्यांच्या सुनेने उघडलं.