नव्वद रुपयांची सुरी

आमच्या घरी एक सुरी आहे. नव्वद रुपयांची. सांगितले होते सव्वाशे, मी घासाघीस केली, आणि आता इतक्या वर्षांनी त्या पस्तीस रुपयांची खरंच लाज वाटते.

सांगलीहून तासगावला जाताना रस्त्याकडेला घिसाड्यांची पालं पडली होती, तिथं घेतली. खरं तर मी गेलो होतो आईची दोन खुरपी शेवटून, म्हणजे धार काढून आणायला, सुरी बिरी काही डोक्यात नव्हतं. पण तिथं उभं राहिलं की निघवत नाही हो. जमिनीत रोवलेली ऐरण, भात्याच्या जागी आता हाताने फिरवायचा पंखा, मालक सांडशीत लाल तुकडा धरून बसलेला आणि घण घालणार ती त्याची बायको. उभं राहून, पदर खोचून, एकाच जागी. तो सांडशी कणभर फिरवायचा, ती बरोबर तिथंच मारायची, दोघांत एक शब्द नाही. तुकडा कसला तर ट्रकच्या तुटलेल्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचा. आपल्याला वाटतं भंगार, पण त्या पाट्यात शंभरात जेमतेम अर्धा भाग कार्बन असतो आणि धार धरायची ती त्याच्या जोरावर, साध्या सळईची सुरी केली तर चार दिवसांत बोथट.

मग पाणी पाजलं. चर्रर्र झालं की आपल्याला वाटतं संपलं काम, पण तसं नाही, त्या घडीला ते पातं काचेसारखं असतं, पडलं तर तुकडा उडेल. म्हणून त्याने ते घासून थोडं चकचकीत केलं आणि परत निखाऱ्याजवळ धरलं, आणि पालाच्या सावलीत नेऊन नुसतं बघत बसला. मी म्हटलं काय बघताय. "रंग बघतोय दादा, उन्हात कळत न्हाई." पिवळसर झाक आली रे आली की परत गार केलं. अजून थोडं थांबला असता तर जांभळं झालं असतं, मग निळं, म्हणजे तेवढं मऊ. थर्मामीटर नाही, काही नाही.

मूठ बाभळीची. पात्याचं शेपूट तापवून मुठीच्या भोकात लाख भरून दाबलं, वर मुसळाला असते तशी लोखंडाची साम, म्हणजे कडं, झालं. घडीच्या चाकूला खिळा ढिला होतो, खाचेत गूळ जाऊन बसतो, मुंग्या येतात (आमच्या वडिलांच्या चाकूत कायम मुंग्या असायच्या). हिच्यात ढिलं व्हायला आहेच काय?

आता हिचे अवगुण पण सांगतो, नाहीतर म्हणाल कौतुकच चाललंय. ही काळी पडते. लिंबू कापून तशीच ठेवली की अर्ध्या तासात डाग. आणि कृष्णाकाठची वांगी चिरली की वांग्यालाही काळं करते, वांग्यातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आलं की ते होणारच, म्हणून फोडी लगेच मिठाच्या पाण्यात टाकायच्या. स्टेनलेसमध्ये साडेदहा टक्के तरी क्रोमियम असतं, त्याचा पातळसा थर पात्यावर राखणदारासारखा बसतो, हिला राखणदार आपणच. धुतली की पुसायची, पुसली की तेलाचं बोट फिरवायचं. बायको म्हणते, "एवढी काळजी माझी घेतली असती तर." यावर मी गप्प बसतो.

टोक गुळाच्या ढेपेत मोडलं. ती माझीच चूक.

पण धार! बोथट वाटली की मागच्या दारी पाट्यावर पाणी शिंपडून दहा वेळा इकडून, दहा वेळा तिकडून. ट्रकच्या पाट्यातून आली आणि वरवंट्याच्या पाट्यावर लागते. पाहुण्यांकडं असलो तर बशी पालथी घालून तिच्या बुडाच्या खरबरीत कडेवर पण चालतं. आपल्याला लावता येते ती धार आपली, माझं तरी असं मत आहे. आमच्या शेजारी मिरज, तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे, तलवारी कुणी विचारेना तेव्हा ती माणसं तंबोरे करायला लागली. मला नेहमी वाटतं, पात्यावरून बोट फिरवून कुठं खडबड आहे ते कळणाऱ्याला भोपळ्यावरूनही कळत असणार.

२०१९ च्या ऑगस्टात आमच्या घरात पाणी आलं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा ५७ च्या वर गेलं होतं. आम्ही मिरजेला मावशीकडं. परत आलो तर स्वयंपाकघरात पोटरीभर गाळ, आणि तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. फ्रिज आडवा, मिक्सर गेला, डबे कुणाचे कुठं. ओट्याखालचा गाळ उपसताना आईच्या हाताला काहीतरी लागलं, ती म्हणाली "अगंबाई, ही हितंच हाय की." नुसती तांबडी काठी दिसत होती. चिंच आणि राख घेऊन आई दोन संध्याकाळी ती घासत बसली, घर तसंच गाळात पडलेलं असताना, मला तर राग आला होता. आतून पातं निघालं, फक्त देवीच्या व्रणासारखे बारीक खड्डे राहिले, ते अजून आहेत. मूठ फुगून मग वाळून खुळखुळायला लागली तर लाख तापवून मीच परत बसवली, जरा वाकडी बसली.

तेव्हापासून तीच. मध्ये मुलीने ऑनलाइन सहा चाकूंचा सेट मागवला, लाकडी ठोकळ्यासकट. ठोकळा चांगला आहे, मी त्यात पेनं ठेवतो. सुरीचं पातं मात्र घासून घासून बोटभर अरुंद झालंय. ते लोखंड गेलं कुठं? थोडं पाट्यावर, बाकी आम्हीच खाल्लं असणार, कांद्याबरोबर.

गेल्या खंडेनवमीला आईने पाटावर विळी, खुरपी, मुलीचा लॅपटॉप, माझ्या स्कूटरची किल्ली आणि मध्ये सुरी मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. त्या दिवशी तिला हात लावायचा नाही, म्हणून सेटमधला चाकू काढला आणि कोथिंबिरीचा पार चेंदा झाला. दसऱ्याला सकाळी बायकोने न बोलता सुरी पाटावरून उचलली. पात्यावर कुंकू तसंच होतं, ते कोथिंबिरीला लागलं, आमटीत पडलं, आणि आम्ही जेवलो.