रंग आणि रेक्ट: इंजिनाच्या पहिल्या दोन फाइल्स

टू-डी गेमसाठी स्वतःचं ग्राफिक्स इंजिन लिहायला घेतलं की हात आधी शेडरकडे, म्हणजे जीपीयूवर (ग्राफिक्सच्या चिपवर) चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे, वळतो. मी मात्र सुरुवात रंग आणि रेक्ट (सरळ उभा आयत) या दोन लहानशा टाइपांपासून करतो आणि तिथे मुद्दाम रेंगाळतो. स्प्राइट (गेममधली छोटी चित्रं), फॉन्ट, कॅमेरा, बटणं, सगळं पुढे यांच्याच जिवावर चालतं. इथला एखादा नियम नंतर बदलायचा म्हटलं तर अर्धं इंजिन उकलावं लागतं.

माझ्या इंजिनात रंगाचे दोन टाइप आहेत. एक चार बाइटांचा: लाल, हिरवा, निळा आणि अल्फा (अपारदर्शकता), प्रत्येक ० ते २५५. दुसरा चार फ्लोटांचा (दशांश आकड्यांचा), म्हणजे १६ बाइटांचा. साठवायला आणि जीपीयूकडे पाठवायला पहिला, हिशेबाला दुसरा. स्प्राइटच्या एका व्हर्टेक्समध्ये (कोपऱ्याच्या बिंदूत) पोझिशनचे दोन फ्लोट, टेक्श्चरचे (चित्रातल्या जागेचे) दोन फ्लोट आणि एक रंग असतो. रंग बाइटांत ठेवला तर व्हर्टेक्स २० बाइटांचा होतो, फ्लोटांत ठेवला तर ३२ बाइटांचा. दहा हजार स्प्राइट म्हणजे चाळीस हजार व्हर्टेक्स, तेव्हा दर फ्रेमला ८ लाख बाइट पाठवायचे की १२ लाख ८० हजार, एवढा तो फरक आहे. जीपीयूला हुकूम देणाऱ्या ओपनजीएलला व्हर्टेक्सची रचना सांगताना ‘नॉर्मलाइज्ड’ चालू केलं की तेच बाइट शेडरमध्ये ० ते १ मधले फ्लोट होऊन येतात. मग फ्लोट वाहून न्यायचे कशाला?

पण हिशेब बाइटांत करायचा नाही, याबद्दल मी हट्टी आहे. चित्रं काढणाऱ्यांकडून येणारे आकडे एसआरजीबीतले (चित्रांत रंग साठवायच्या नेहमीच्या पद्धतीतले) असतात आणि एसआरजीबी सरळ रेषेत चालत नाही. त्यातला १२८ हा अर्धा प्रकाश नव्हे, साधारण २२ टक्के प्रकाश आहे. खरा अर्धा प्रकाश १८८ च्या आसपास येतो. त्यामुळे लाल आणि हिरव्याची बाइटांत सरासरी काढली की मधला पट्टा काळपट, मळकट दिसतो. बाइटांच्या रंगाला मी बेरीज-गुणाकाराचे ऑपरेटर दिलेलेच नाहीत. मिसळायचं असेल तर आधी लिनियरमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या प्रमाणात चालणाऱ्या फ्लोटांच्या टाइपात, न्या. विसरलात तर कंपायलर तिथेच अडवतो, आणि हे काम त्याचंच आहे.

अल्फाचं वेगळं आहे. तो एसआरजीबीच्या वाकड्या रेषेवर नसतो, साधं प्रमाण असतो, म्हणून त्याचा गुणाकार बाइटांत चालतो. पॅनेलमध्ये पॅनेल, त्यात बटण, अशी पारदर्शकता गुणत खाली जायची असते. इथे बरेच जण घाईत दोन आकडे गुणून आठ बिट उजवीकडे सरकवतात, म्हणजे २५६ ने भागतात. २५५ गुणिले २५५ म्हणजे ६५०२५, आठ बिट सरकवल्यावर उरतात २५४. पूर्ण अपारदर्शक गोष्ट पूर्ण अपारदर्शक राहिली नाही! प्रत्येक पातळीला एकेक कमी होत जातं. डोळ्याला ते कळत नाही, पण ‘अल्फा २५५ आहे म्हणजे ब्लेंडिंग (मागच्या रंगात मिसळणं) नको’ ही तपासणी खोटी ठरते आणि सगळं यूआय (बटणं, पॅनेलं) विनाकारण ब्लेंडिंगच्या रांगेत जाऊन बसतं. बरोबर रीत फार लांब नाही. गुणाकारात १२८ मिळवा, त्या बेरजेत तिचाच आठ बिट सरकवलेला भाग मिळवा, मग एकदा आठ बिट सरकवा. ६५०२५ चे ६५१५३, त्यात २५४ मिळवून ६५४०७, आणि सरकवल्यावर २५५. भागाकार न करता २५५ ने भागून अचूक राउंडिंग केलेलं उत्तर मिळतं.

लिनियर रंग मी नेहमी प्रीमल्टिप्लाइड ठेवतो, म्हणजे लाल-हिरवा-निळा आधीच अल्फाने गुणलेले. पोर्टर आणि डफ यांनी १९८४ च्या त्यांच्या पेपरमध्ये ही मांडणी केली आणि आजही तिला तोड नाही. पांढऱ्या स्प्राइटची कड घ्या. एका बाजूला अपारदर्शक पांढरा पिक्सेल, शेजारी पूर्ण पारदर्शक, पण रंगाच्या जागी शून्य असलेला. स्प्राइट लहान-मोठा करताना होणाऱ्या फिल्टरिंगमध्ये दोघांची सरासरी निघते: चारही आकडे ०.५. साध्या अल्फाने हे पांढऱ्या पार्श्वभूमीवर टाकलं तर ०.२५ अधिक ०.५, म्हणजे ०.७५. पांढऱ्यावर पांढरं असूनही करडी किनार उमटली. प्रीमल्टिप्लाइडमध्ये ०.५ अधिक ०.५, बरोबर १. किनार गेली.

आता रेक्ट. एसडीएल या गेम लायब्ररीत तो एक्स, वाय, रुंदी, उंची असा असतो, तर विंडोजच्या रेक्टमध्ये डावी, वरची, उजवी, खालची अशा चार कडा. मी आत कडा ठेवतो, कारण दोन रेक्टांचा सामाईक भाग काढताना डाव्या कडांतली मोठी आणि उजव्या कडांतली लहान घेतली की झालं. खरा नियम मात्र वेगळाच आहे: डावी आणि वरची कड रेक्टची स्वतःची, उजवी आणि खालची त्याची नव्हे. ० ते १६ ची टाइल म्हणजे पिक्सेल ० ते १५. पुढची टाइल १६ पासून सुरू. रुंदी म्हणजे नुसती वजाबाकी, कुठे ‘अधिक एक’ नाही. १६ वर क्लिक झालं तर ते एकाच टाइलचं. जमिनीला टेकून उभं असलेलं पात्र जमिनीत घुसलेलं ठरत नाही.

रिकाम्या रेक्टकडे लोक फार दुर्लक्ष करतात. एकमेकांना न शिवणाऱ्या दोन रेक्टांचा सामाईक भाग काढला की डावी कड उजवीच्या पलीकडे जाते आणि रुंदी ऋण येते. ती तशीच सिझरला (ठरावीक आयताबाहेरचं चित्र कापणाऱ्या सोयीला) दिली तर ओपनजीएल एरर नोंदवतं, हुकूम दुर्लक्षित करतं आणि जुनाच सिझर चालू राहतो. मग जी यादी अजिबात दिसायला नको ती आधीच्या पॅनेलच्या जागेत ऐटीत उमटते. म्हणून सामाईक भाग काढणाऱ्या फंक्शनमध्येच रुंदी-उंची शून्याखाली जाऊ देऊ नये. दोन रेक्टांना सामावणारा मोठा रेक्ट काढतानाही रिकामा रेक्ट वगळायचाच, नाहीतर (०, ०) वरचा रिकामा रेक्ट सगळा भाग स्क्रीनच्या कोपऱ्यापर्यंत ताणून नेतो. आणि सिझरचा वाय खालून मोजला जातो, हे रूपांतर एकाच जागी ठेवा.

रेक्टचेही मी दोन टाइप करतो: पिक्सेलचा पूर्णांकात, गेमच्या जगाचा फ्लोटमध्ये. फ्लोटवरून पूर्णांकावर येताना नुसता कास्ट (भाषेतलं थेट टाइप-रूपांतर) नको. तो शून्याकडे कापतो, म्हणजे -०.९ पण ० आणि ०.९ पण ०. कॅमेरा शून्याच्या डावीकडे गेला की नेमका तिथला एक पिक्सेल दुप्पट रुंद वागतो. क्लिपिंगसाठी (बाहेरचा भाग कापण्यासाठी) डावी-वरची कड फ्लोअरने (खालच्या पूर्णांकावर) आणि उजवी-खालची सीलने (वरच्या पूर्णांकावर) घ्या.

फिरवलेला आयत मी या टाइपात घेत नाही. कोन साठवायला एक फ्लोट वाढवला की वरचं एकही सूत्र टिकत नाही. त्याच्यासाठी चार बिंदूंचा वेगळा क्वाड आहे, आणि तो ज्या रेक्टमध्ये मावतो तो रेक्ट देणारं एक फंक्शन.