तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या लांबच्या रायडिंगमध्ये पाठीचं काय करता?

लांबच्या बाईक रायडिंगचा विषय निघाला की एक प्रश्न हटकून येतो: एवढे तास बसून पाठ नाही का दुखत? आणि त्याला जोडूनच दुसरा: कमरेला बांधायचा बेल्ट कुठला वापरता? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, दुखते. दुसऱ्याचं जरा लांबतं, कारण बेल्टचा नंबर माझ्या हिशोबात बराच खाली लागतो.

माझं मत असं की बाईकवर पाठ दुखते तेव्हा बहुतेक वेळा पाय आळशीपणा करत असतात. खुर्चीत रेलल्यासारखं सीटवर बसलं की पाय नुसते लोंबतात आणि सगळा भार बुडाखालच्या हाडांवर येतो. थोड्या वेळाने आपण खाली घसरतो, ज्या हाडाच्या कड्यावर कणा उभा असतो ते कडं मागे कलतं, कमरेचा नैसर्गिक बाक जातो आणि पाठ गोल होते. अशा गोल पाठीत मणक्यांमधल्या चकत्या पुढून दाबल्या जातात आणि मागचे अस्थिबंध ताणलेलेच राहतात. घरी सोफ्यावरही हेच होतं, पण सोफा खालून धक्के देत नाही.

धक्क्यांचा भाग लोकांना खोटा वाटतो. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला साधारण 5 वेळा होणाऱ्या वरखाली हालचालीला सगळ्यात जास्त साथ देतं, म्हणजे सीटला बसलेला हादरा कमरेत पोचेपर्यंत वाढतो. युरोपियन युनियनने 2002 मध्ये कामगारांसाठी यावर निर्देशच काढला. पूर्ण अंगाला बसणाऱ्या कंपनाची 8 तासांची सरासरी 0.5 मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेली की मालकाने उपाय करायचे, आणि 1.15 च्या वर जाऊच द्यायची नाही. ट्रॅक्टर, फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांची अशी काळजी घेतली जाते. हौसेने दिवसभर बाईक हाकणाऱ्याची मोजणी कोणी करत नाही, ती ज्याची त्यानेच करायची.

म्हणून पहिलं काम म्हणजे वजन पायांवर घेणं. पायाचा चवडा फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर, गुडघे टाकीला हलकेच चिकटलेले, पोट किंचित आत घेतलेलं आणि हात इतके सैल की कोपर हलवता आले पाहिजेत. ग्रिप घट्ट धरली की खांदे वर चढतात आणि मानेपासून कमरेपर्यंत सगळं आखडतं. खड्डा किंवा स्पीडब्रेकर दिसला की बूड सीटवरून दोन बोटं उचलायचं, बस. पूर्ण उभं राहायची गरज नसते. गुडघा आणि घोटा मिळून जो धक्का गिळतात तो कमरेला कळतही नाही. क्रूझरवर मात्र हे जमत नाही. तिथे फूटपेग पुढे असल्याने पायांवर उचलायला जोरच मिळत नाही आणि प्रत्येक खड्डा थेट माकडहाडाला कळतो. दिसायला सगळ्यात ऐसपैस बाईक काहींच्या कमरेला सगळ्यात जास्त का छळते, त्याचं कारण हे.

दुसरं काम मागच्या सस्पेन्शनचं. लोक सीटवर हौसेने खर्च करतात, पण मागचा शॉकॲब्सॉर्बर कंपनीने जसा दिला तसाच ठेवतात. तो एका ठरावीक वजनाच्या माणसासाठी लावलेला असतो, आणि आपण जॅकेट, बूट आणि मागे दोन बॅगा घेऊन निघतो. तपासायला टेप आणि एक मदतनीस पुरतो. मागचं चाक जमिनीवरून उचललेलं असताना चाकाच्या ॲक्सलपासून बरोबर वर, सीटखालच्या पॅनेलवर एक खूण करून अंतर मोजायचं. मग सगळा जामानिमा घालून, सामान बांधून बाईकवर बसायचं, मदतनिसाने बाईक सरळ धरायची आणि तेच अंतर पुन्हा मोजायचं. दोन्हींतला फरक म्हणजे आपल्या वजनाने सस्पेन्शन किती बसलं ते. सस्पेन्शनच्या एकूण हालचालीचा साधारण तिसरा हिस्सा हा फरक यायला हवा. 120 मिलिमीटर हालचाल असेल तर 35 ते 40. त्यापेक्षा बरंच जास्त बसत असेल तर मोठ्या खड्ड्यात ते तळाला आपटणार आणि ती आपटी कमरेत जाणार. फारच कमी बसत असेल तर बारीकसारीक खडबडही अंगावर येते. स्प्रिंगवरची प्रीलोडची कडी, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी कडी, फिरवून हे जुळवता येतं. बऱ्याच बाईकच्या टूलकिटमध्ये त्यासाठी हुकासारखा वाकडा पाना असतो, आणि बऱ्याच जणांकडे तो अजून प्लास्टिकच्या पिशवीतच असतो. कडी शेवटपर्यंत फिरवूनही आकडा येत नसेल तर स्प्रिंगच आपल्या वजनाला हलकी आहे. प्रीलोडने बाईक उचलली जाते, स्प्रिंग कडक होत नाही.

हँडल लांब वाटत असेल तर बाईक मेन स्टँडवर घेऊन डोळे मिटून नीट बसा आणि हात सहज पुढे उचला. ग्रिप तिथेच किंवा जवळपास मिळायला हवी. पुढे वाकून शोधावी लागत असेल तर हँडल थोडं वर आणि मागे आणणारे रायझर मिळतात. ते बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहायचं, इंजिन चालू ठेवून. वळवताना इंजिनचा आवाज आपोआप वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे, आणि हे पाठदुखीपेक्षा कितीतरी वाईट.

मागच्या खिशातलं पाकीट काढा. एका बाजूचं बूड वर राहतं, कंबर तिरकी होते आणि वर त्या पाकिटाचा दाब थेट पायात जाणाऱ्या शिरेच्या वाटेवर येतो. तासभर ठीक आहे, दिवसभर नाही. पाठीवरच्या सॅकचंही तेच: पाण्याची पिशवी सोडली तर बाकी सगळं बाईकला बांधा.

आता थांबण्याबद्दल. दुखायला लागल्यावर थांबणं म्हणजे उशीर झालेला असतो. मी साधारण तासाला एकदा उतरतो, दुखत नसलं तरी. सोबतच्यांना याचा वैताग येतो आणि पेट्रोल भरताना उतरलोच होतो की, असं ऐकवलं जातं. पण पंपावर आपण रांगेत उभे असतो, चालत नाही. कमरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला जोडणारा सोअस नावाचा स्नायू आहे. मांड्या वर घेऊन बसलं की तो आखूड अवस्थेत राहतो, आणि उतरल्यावर सरळ उभं राहताना मणक्यांना पुढे ओढतो. पहिली चार पावलं वाकून पडतात ती यामुळे. त्याला मोकळं करायला एक पाय मागे टाकून, मागची टाच जमिनीवर ठेवून, त्या बाजूचं बूड घट्ट आवळायचं आणि अर्धा मिनिट तसंच राहायचं. दोन्ही बाजूंनी. मग हात कमरेवर ठेवून हलकेच मागे वाकायचं. पुढे वाकून पायाचे अंगठे धरायचा मोह मात्र टाळायचा, कारण पाठ इतका वेळ त्याच दिशेला वाकलेली असते.

व्यायामाचं म्हणाल तर स्टुअर्ट मॅकगिल या कॅनडातल्या पाठीच्या अभ्यासकाचे तीन व्यायाम मी पकडून आहे: एक गुडघा वाकवून डोकं आणि खांदे जेमतेम उचलणं, कुशीवर कोपराच्या आधाराने अंग तोलणं, आणि हातागुडघ्यांवर येऊन उलटसुलट हात-पाय लांबवणं. कंटाळवाणे आहेत. जिममध्ये कोणी वळून बघणार नाही. पण यात कणा वाकवायचा नसतो, स्थिर धरायचा असतो, आणि बाईकवर दिवसभर तेच करावं लागतं.

आणि बेल्ट? आहे माझ्याकडे. खराब रस्त्याच्या टप्प्यात बांधतो, नंतर सैल करतो. आपण घसरून बसलो की तो पोटाला टोचतो आणि सरळ व्हायची आठवण देतो, एवढा त्याचा उपयोग. वेदनाशामक गोळ्यांचं विचाराल तर स्नायू सैल करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, त्या घेऊन बाईकवर बसायचंच नाही.

हे सगळं साध्या, आखडलेल्या पाठीचं झालं. कळ गुडघ्याखाली उतरत असेल, पायात मुंग्या येत असतील, तर रायडिंग बंद आणि डॉक्टर. पाय उचलताना ताकद कमी वाटली, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर उद्याची अपॉइंटमेंट नको, त्याच दिवशी हॉस्पिटल. सीटमुळे बधिर झालं असेल, असं म्हणून हे अंगावर काढणारे रायडर्स भेटतात. सीटमुळे आलेला बधिरपणा उतरून चालल्यावर जातो. हा जात नाही.

मुक्कामाला पोचल्यावर बॅगा लगेच खाली ओढू नका. तासनतास ताणलेले अस्थिबंध तेव्हा सैलावलेले असतात आणि कमरेत चमक भरते ती नेमकी वाकून, वळून ओझं उचलताना. आधी दहा मिनिटं चाला, पाणी प्या, खोलीची किल्ली घ्या, मग सामानाकडे वळा.