दुखत होतं, तर त्याने सांगितलं का नाही?

मी प्राण्यांची डॉक्टर. माझ्याकडे कुत्री-मांजरं जास्त येतात, पण अलीकडे ससेही बरेच असतात. त्या दिवशी आलेला ससा आदल्या संध्याकाळपासून काही खात नव्हता. सोबत आई आणि आठेक वर्षांची मुलगी. सशाला नाव सिनेमातल्या सशाचं. त्याला छातीशी घट्ट धरून ती म्हणाली, "त्याला असं खूप आवडतं. बघा, अजिबात हलत नाही." मग मांडीवर उताणं करून दाखवलं, "असं केलं की लगेच झोपतो."

तो झोपला नव्हता. डोळे सताड उघडे होते, श्वास भराभर चालला होता. आता सुटका नाही असं वाटलं की ससा निपचित पडतो. भीतीची ती शेवटची पायरी. मी त्याला हळूच सरळ केलं आणि पाठीमागून आधार देत टेबलावर ठेवलं. सुटायच्या धडपडीत ससा मागचे पाय इतक्या जोरात झाडतो की त्याचाच कणा मोडू शकतो.

"खातो काय?"

"गाजर. रोज!"

पडद्यावर ससा आला की गाजर येतंच. खऱ्या सशाचं पोट चालतं ते गवतावर. त्याचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर वर्षाला साधारण 10 ते 12 सेंटिमीटर, आणि तासन्‌तास गवत चघळून ते झिजतात. गाजर गोड असतं आणि चार चाव्यांत संपतं. मी तोंडात बघितलं. खालच्या दाढांना आतल्या बाजूने अणकुचीदार टोकं आली होती, जिभेच्या कडेला जखम होती. पोटाला स्टेथोस्कोप लावला, तर गुडगुड जवळजवळ थांबलेली. सशाचं आतडं थंडावणं म्हणजे तातडीची केस. उलटी त्याला करताच येत नाही, आणि उद्यापर्यंत बघू म्हणून चालत नाही.

आई घाबरली. मुलगी मात्र माझ्याकडे बघत म्हणाली, "दुखत होतं, तर त्याने मला सांगितलं का नाही?"

हा प्रश्न मी विसरू शकत नाही. तिने पाहिलेले सगळे प्राणी बोलतात, रडतात, रुसतात. रानात मात्र दुखणं दाखवणारा ससा आधी मारला जातो, म्हणून तो ते लपवतो. सिनेमाचा प्रभाव किती दूर जातो, हे 2014 साली अमेरिकेतल्या कुत्र्यांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासातही दिसलं: गाजलेल्या चित्रपटानंतर त्यातल्या जातीची मागणी काही वेळा दहा वर्षांपर्यंत वाढलेली राहिली. कुत्रा घरी येतो, त्याचा स्वभाव आणि त्याच्या गरजा कोणी विचारलेल्या नसतात. तरी मला सिनेमाला नावं ठेवायची नाहीत. सशाने गाजराकडे पाठ फिरवली, हे घरात सगळ्यांत आधी या मुलीलाच कळलं होतं. तो जीव तिला पडद्यानेच लावला होता. सशाची भाषा मात्र तिला कोणी शिकवली नव्हती, आणि ते काम आपण मोठ्यांचं आहे.

भूल देऊन दाढांची टोकं घासली, सलाईन लावलं, वेदनाशामक दिलं, सिरिंजने पातळ खाणं भरवायला आईला शिकवलं. मुलीच्या कानाला स्टेथोस्कोप लावून दिला. सांगितलं, कान मागे चिकटवून आखडून बसला तर दुखतंय किंवा घाबरलाय. तू जमिनीवर बस, त्याला वाटलं तर तो येईल. रोज लेंड्या बघायच्या. कमी झाल्या, बारीक झाल्या, तर लगेच फोन.

तपासणीला ती वही घेऊन आली. लेंड्यांची नोंद रोजची होती, गवत किती संपलं तेही होतं. मांडीवर घेणं तिने बंद केलं होतं. "डॉक्टर, तो दात वाजवतो. दुखतंय का?"

मी विचारलं, "कसे? डोकं कुरवाळताना हळूहळू, की कोपऱ्यात बसून करकर?"

ती थोडा विचार करून म्हणाली, "कुरवाळताना. हळू."

"मग तो खुशीत आहे."