नोंद तीच, की दुसरी?
आज वाईला गेलो होतो. मराठी विश्वकोशाचं कार्यालय तिथंच, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या कर्मभूमीत. सोबत बारावीतली भाची. 'मामा, तू नक्की कशावर संशोधन करतोस?' हा घरातला कायमचा प्रश्न तिनं एसटीत पुन्हा काढला.

म्हटलं, डिजिटल गोष्ट 'तीच' कधीपर्यंत राहते, यावर. विश्वकोशाचा छापील खंड घे आणि मोबाईलवर उघडणारी तीच नोंद घे. या दोन निर्मिती, की एकच? 'एकच.' बरं, उद्या मोबाईलवरच्या नोंदीत एक वाक्य दुरुस्त केलं तर? पाचवड येईपर्यंत बाईसाहेब गप्प.

नेल्सन गुडमन या अमेरिकी तत्त्वज्ञानं १९६८ मध्ये एक भेद मांडला: चित्राची हुबेहूब नक्कल बनावट ठरते, पण कविता अक्षरशः उतरवून काढली तरी ती तीच कविता. डिजिटल फाईल मला कवितेच्या बाजूची वाटते, कॉपी केली तरी तीच. मग एनएफटी (डिजिटल चित्रासारख्या गोष्टीच्या मालकीचं म्हणून विकलं जाणारं टोकन) घेणाऱ्यानं नेमकं काय घेतलं? बहुतेकदा चित्र नाहीच, ब्लॉकचेनवरची, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक खातेवहीतली, एक नोंद. सध्या गाडी इथंच अडलीये.

भाचीचा निकाल: 'दुरुस्ती छोटी असेल तर तीच नोंद, मोठी असेल तर नवी.' छोटी म्हणजे केवढी?

'ते तू शोध. पैसे तुला मिळतात.'

(फेलोशिप वेळेवर येते असा तिचा समज आहे. असू दे.)