तुम्ही विचारलंत म्हणून : या अडेनियमची जात कोणती?

अडेनियम, म्हणजे फुगीर बुंध्याचे माझे कुंडीतले फुलझाड, फुलले की पाहणारा प्रत्येक जण मला याची जात विचारतो, आणि मी "नक्की सांगता येणार नाही" असे म्हटले की त्याला वाटते, एक तर मला माहीत नसावे किंवा मुद्दाम सांगायचे नसावे. माझ्या न सांगण्यामागे कारण आहे, आणि ते एकदा नीट लिहून काढायला हवे.

झाड अडेनियम आहे हे मी ठामपणे सांगू शकते. याची पाने कण्हेरीसारखी तीन-तीनच्या वलयात न येता फांदीच्या टोकाशी दाटतात, आणि बीच्या दोन्ही टोकांना केसांचे झुपके असतात. खरी अडचण त्यापुढची आहे. सोकोत्रा बेटावरचे सोकोट्रानम किंवा हिवाळ्यात निष्पर्ण फांद्यांवर फुलणारे आफ्रिकेच्या दक्षिण भागातले मल्टिफ्लोरम ही नावे रानात उगवलेल्या झाडांना बिनदिक्कत देता येतात. कुंडीतली बहुतेक झाडे मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या संकरातून आलेली असतात. अरेबिकम ही स्वतंत्र जाती मानावी की ओबेसम या जातीतच धरावी, यावर अभ्यासकांचेही एकमत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ फोर्स्कॉल यांच्या १७७५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तर हे झाड कण्हेरीच्याच प्रजातीत, नेरियम ओबेसम म्हणून नोंदले गेले होते. मग फुलाच्या रंगावरून मी जात कशी सांगावी?

पण मी नेहमी इतकी सावध नव्हते. माझ्याकडे गडद लाल, भरगच्च पाकळ्यांच्या एका वाणाचे कलम होते आणि त्याच्या नावाची पट्टी मी मोठ्या अभिमानाने कुंडीत खोचली होती. एका हिवाळ्यात त्याची पाने गळू लागली. थंडीत अडेनियम विसावते, त्या काळात त्याची मुळे फारसे पाणी उचलत नाहीत आणि माती ओली राहिली तर ते सडते, हे मी इतरांना सांगत आले होते. तरीही ते उघडे झाड पाहवेना, म्हणून मी पाणी घालत राहिले. पंधरवड्यात शेंडा मऊ पडला. मी सुरी निर्जंतुक करून तो कापला, तर आत तपकिरी वर्तुळ दिसले. आणखी खाली कापले, तिथेही तेच होते. स्वच्छ पांढरा गर आणि चीक दिसेपर्यंत मी कापत गेले, आणि शेवटचा काप कलमाच्या सांध्याखाली, म्हणजे वाणाची फांदी खालच्या खुंटाला (मुळे असलेल्या दुसऱ्या झाडाला) जोडलेली असते त्या जागेखाली, गेला. ते मला त्याच क्षणी कळले होते. सांधा थोडा राहिला असावा, अशी समजूत मी नंतर करून घेतली.

उन्हाळ्यात त्या बुंध्याला धुमारे फुटले, तेव्हा झाड वाचल्याच्या आनंदात मी जुनी पट्टी पुन्हा खोचली. एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण पुढच्या वर्षी त्याच धुमाऱ्यांच्या दोन फांद्या रुजवून, त्याच नावाने, मी एका मैत्रिणीला दिल्या. फांदीपासून केलेल्या रोपाचा बुंधा बीपासून वाढवलेल्या रोपासारखा डौलदार फुगत नाही, हेही मी तिला प्रामाणिकपणे सांगितले. नावाबद्दल मात्र काही बोलले नाही. दोन वर्षांनी तिने मला फुलाचा फोटो पाठवला. फूल साधे होते, पाच पाकळ्यांचे, गुलाबी, म्हणजे खुंटाचे. तिने एका शब्दाने दोष दिला नाही, फक्त विचारले, "याची जात तीच ना?"

तेव्हाची मी आज समोर असती तर म्हणाली असती की मुळे तीच, बुंधा तोच, पाच वर्षे सांभाळलेले झाडही तेच, मग नाव का बदलायचे? वाणाचे नाव सांध्यावरच्या भागाचे होते आणि तो भाग मी स्वतःच्या हाताने कापून टाकला होता, हे माझे उत्तर मला बरोबर वाटते; पण पहाटे त्या कुंडीजवळ उभी राहिले की त्या तेव्हाच्या माझे म्हणणेही अगदीच खोटे वाटत नाही.

मैत्रिणीला मी सगळे सांगितले. तिने रोप ठेवले आणि पट्टीही काढली नाही. माझ्या कुंडीतली पट्टी मी काढली आहे, पण तिथे काय लिहावे हे अजून ठरलेले नाही. तुम्ही विचारता तेव्हा मी त्या रिकाम्या जागेकडे पाहत असते.